तुमच्यात भूत देवाला मानतं का?

खोली बघायला आलेल्या भाडेकरूला घरमालक काय काय विचारतात, याचा मला वीस वर्षांच्या बदल्यांमुळं चांगला अनुभव आहे. माणसं किती, पाणी किती लागतं, मटण खाता का, पाहुणे फार येतात का. पलूसला बदली झाली तेव्हा मी ज्ञानूतात्यांच्या घराची वरची खोली बघायला गेलो. तात्या अंगणात स्टुलावर उभे राहून बल्बच्या होल्डरमध्ये टेस्टर खुपसत होते. मी शाळेतला नवा शिक्षक म्हणून ओळख करून दिली. त्यांनी मागं वळूनही न बघता पहिला प्रश्न टाकला.

"मास्तर, तुमच्यात भूत देवाला मानतं का?"

मी सातारचा. आमच्याकडं आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग गावातली तीन माणसं. त्यातलं एक तरी ओळखीचं निघालं की चहा. पहिल्याच भेटीत भुताची चौकशी करायची पद्धत आमच्याकडं नाही. त्यातून मी विज्ञानाचा शिक्षक. छाती पुढं काढून म्हणालो, "मी भूत मानत नाही."

"तुमी मानता का ते कुठं इचारलं?" तात्या स्टुलावरून उतरले. "भूत देवाला मानतं का, ते इचारलं. तुमच्या घरात, भावकीत, म्हातारी माणसं काय म्हंत्यात?"

वर्गात न शिकवलेल्या धड्यावर इन्स्पेक्टरनं प्रश्न विचारावा तसं झालं. तात्यांनी माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं बघितलं आणि खिशातून खोलीची किल्ली काढून दिली. "इचारून सांगा. घाई न्हाई. पन्नास वर्सं थांबलोय, आनि धा दिस."

तेव्हा मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त आहे. आज तीन वर्षं झाली, मत बदललेलं नाही. फक्त त्या शब्दाला आता पूर्वीसारखी धार राहिलेली नाही.

ज्ञानूतात्या वीजमंडळात वायरमन होते. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली, पण खाकी शर्ट सुटला नाही आणि शर्टाच्या खिशातला टेस्टरही सुटला नाही. मुलगा शिरवळला कंपनीत, बायको दहा वर्षांपूर्वी गेली. घरात ते आणि त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या सुंदराक्का, म्हणजे त्यांची सख्खी बहीण. तात्या लग्नाला जातात तेव्हा खिशातून टेस्टर अक्षता बघत असतो. कलिंगड घेताना टेस्टरच्या मुठीनं वाजवून बघतात. कुणी सांगितलं की मुलीला स्थळ आलंय, की तात्या म्हणणार, "टेस्टर लावून बघा." कुणी सांगितलं की अमुक पुढारी लय चांगला माणूस, तरी तेच.

वायरमनला भुतांची जितकी माहिती असते तितकी मांत्रिकालाही नसते, हे मला तात्यांमुळं कळलं. खांब पिंपळाशेजारी, डीपी ओढ्याच्या काठाला, मोटार विहिरीवर. आणि प्रत्येक ठिकाणी खाली उभा असलेला शेतकरी सांगणार, "तात्या, तिथं चढू नगा, मुंजा हाय." तात्या चढायचेच. पण वरून विचारायचे, "मुंजा हाय ते ऱ्हाऊ द्या. देव मानतुया का?" शेतकरी म्हणायचा, "मानतुया की. बामनाचं पोरगं त्ये, जानवं घातल्यालं." तात्या समाधानानं तारा जोडायचे.

या विषयात त्यांचा एक सिद्धांत आहे. तो मी पहिल्यांदा ऐकला तो एका संध्याकाळी, लाइट गेल्यावर.

"देव म्हंजे मेन लाइन, मास्तर," तात्या म्हणाले. "वरनं येती. कुठनं येती ते आपुन बघितलं न्हाई, पर बटन दाबलं की उजेड पडतुया. मानूस म्हंजे मीटरवाला गिऱ्हाईक. वापरतुया, कुरकुरतुया, लाइट गेली की शिव्या घालतुया. आन भूत म्हंजे आकडेवाला."

तारेवर आकडा टाकून फुकट वीज ओढणाऱ्यांशी तात्यांचा जन्म गेला होता, त्यामुळं त्यांचा आवाज इथं चढला.

"आता सांगा, लाइनीवर जास्ती इश्वास कुनाचा? मीटरवाला म्हनंल, लाइट हाय का न्हाई कुनाला ठावं. आकडेवाला म्हनंल का असं? त्येला पक्कं ठावं असतंय लाइन हाय म्हनून. हाय म्हनून तर आकडा टाकलाय! आन वायरमन दिसला की चड्डी सावरत पळतुया. मग भूत देव न मानणारं कसं असंल?"

मी बी.एस्सी. बी.एड. आहे. या युक्तिवादाला भोक कुठं आहे ते मी दोन दिवस शोधत होतो. तिसऱ्या दिवशी नाद सोडला आणि मलाच उत्सुकता लागली. आपण भूत आहे की नाही यावरच भांडत बसलो. ते असलं तर त्याचा धर्म काय, श्रद्धा काय, हे कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. तात्यांनी मात्र विचारायचं कुणाला सोडलं नव्हतं. गुरवानं त्यांना सांगितलं होतं की वेताळ भुतांचा राजा खरा, पण शंकराचा चाकर. यावर तात्यांची पुस्ती अशी, की "शंकराच्या लग्नात भुतं वऱ्हाडी म्हनून नाचली. आपल्याला पत्रिका तरी आलती का?"

सांगलीच्या हळदीच्या एका जैन व्यापाऱ्यानं त्यांची चांगलीच पंचाईत केली होती. तो म्हणाला, "तात्या, आमच्यात जग चालवणारा असा देव नाहीच. आणि तुम्ही ज्यांना भूत म्हणता ते आमच्यात व्यंतर, म्हणजे देवांचाच एक प्रकार." तात्यांना म्हणे तीन रात्री झोप नव्हती. भूतच देव, आणि देव आहे कुठं तर नाही! शेवटी परत सांगलीला जाऊन त्यांनी विचारून घेतलं, की त्या व्यंतरांतले काही तरी तीर्थंकरांना हात जोडतात का? व्यापारी म्हणाला, जोडतात. तात्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्याबरोबर नोकरीला असलेल्या भीमरावांनी तर एका वाक्यात निकाल लावला होता. "ज्ञानू, आमी दोनीबी सोडलं. भूतबी न्हाई आन देवबी न्हाई. झोप झ्याक लागतीया." भीमरावांची साक्ष तात्या कुठल्याच बाजूला धरत नाहीत. पण सगळ्यांत जास्त दोस्ती त्यांच्याशीच.

हा नुसता छंद नव्हता हे मला एका रविवारी कळलं.

गावाबाहेर माळावर जोतिबाचं देऊळ आहे. साठेक पायऱ्या असतील. दर रविवारी तात्या आणि आक्का तिकडं जातात. त्या रविवारी मीही निघालो. पायथ्याशी गेल्यावर तात्या नारळ आणि गुलाल घेऊन चढायला लागले, आणि आक्का पहिल्या पायरीपासून दोन हात अलीकडं एका दगडावर बसल्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

"आक्का, हात देऊ का?"

"नगं बाबा. जा तू." मग हसून म्हणाल्या, "माझ्यातल्याला चालत न्हाई."

वर देवळात तात्यांनी हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. ते वरून खाली, दगडावर बसलेल्या त्या हिरव्या लुगड्याच्या ठिपक्याकडं बघत होते. उतरताना मधेच एका पायरीवर बसले आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

आक्काचं लग्न आटपाडीकडच्या एका गावात झालं होतं. वर्षभरात तिला फिटा यायला लागल्या. दात बसायचे, हातपाय ताठ व्हायचे. सासरच्यांनी लागीर झालं म्हणून देवरुषी बोलावला, म्हणजे भूत उतरवणारा. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ मुराळी म्हणून जातो. तात्या तेव्हा वीस वर्षांचे. मुराळी म्हणून ते नेमके त्याच दिवशी तिथं पोचले.

"घराच्या म्होरल्या सोप्यात समदी बसलेली. सासरा, दीर, भावकी. मधी आक्का. देवरुषी म्हनला, भाऊ आलाय न्हवं, धर हात. मी धरलं." तात्या आपल्या मनगटांकडं बघत होते. "त्यो म्हनला, आत कोन हाय त्येनं म्हनावं, जोतिबाच्या नावानं चांगभलं. जोतिबा आमच्या दोनी घरांचा देव. आक्का बोलंना. मिरच्यांची धुरी दिली. बोलंना. लिंबाच्या ओल्या फोकानं मारलं. ओठ असं गच्च दाबून धरलं तिनं, मास्तर, पर नाव घेतलं न्हाई. मग देवरुषी म्हनला, ह्ये देव न मानणारं हाय. ह्याला उतारा न्हाई. ह्या बाईला देवाच्या पायरीला शिवू देऊ नगा."

पंचमीला आणलेली बहीण पुन्हा सासरी गेली नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. पुढं सांगलीच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी फिटा थांबल्या त्या कायमच्या. पण आक्काच्या मनानं घेतलं ते घेतलं. भूत गेलेलं नाही, नुसतं गप बसलंय. आणि ते देव मानत नाही, तर आपण त्याला घेऊन देवापुढं जायचं कसं? देवाचा अपमान नाही का? चोपन्न वर्षं ती बाई त्या दगडावर बसत होती.

मी माझ्या स्वभावाप्रमाणं शहाणपण केलं. "तात्या, तो एक आजार आहे. मेंदूत—"

"आवं, ते मला ठावं हाय," तात्या म्हणाले. "मेंदूतबी करंटच असतुया. पर तिला भूत वाटतंय. मग तिच्या भुताचं काय करायचं, ते सांगा. भूत न्हाई म्हनून तिला मी हजारदा सांगितलं. ऐकत न्हाई. म्हनून म्हनलं, हाय तर हाय. पर देव न मानणारं भूत दुनियेत कुनी बघितलंय का, तेवढं हुडकायचं. कुठल्याच धर्मात तसं नसंल, तर देवरुषी खोटा पडला. त्यो खोटा पडला की आक्का पायरी चढंल."

म्हणजे हा माणूस चोपन्न वर्षं एका खटल्यात साक्षीदार गोळा करत होता, आणि आरोपी होतं ते भूत. तेही असं, की त्याची निर्दोष सुटका करायची होती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आता खटल्याला मुदतही पडली होती. आक्कांच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या होत्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, अजून सहा महिने काठी टेकत चाललात तर चालाल, पुढं पायऱ्यांचं नाव काढू नका. तात्या मला म्हणाले, "मास्तर, मिरजंला दोन मोठं साक्षीदार ऱ्हायल्यात. येता का?"

आम्ही रविवार सोडून शनिवारी गेलो. मिरजेत तंबोरे बनवणारे उस्मानभाई दुकानात भोपळा कोरत बसले होते. तात्यांनी त्यांच्या दुकानाचं वायरिंग कधीकाळी केलेलं, त्यामुळं ओळख जुनी. तात्यांनी आधी स्विचबोर्डाला टेस्टर लावून बघितला, मग मुद्द्यावर आले.

"जिन्नात में बी अपने जैसेच रहते, तात्या," उस्मानभाई पटाशी न थांबवता म्हणाले. "नेक बी, बद बी. नमाज पढनेवाले बी."

"ते झालं चांगल्याचं. आन सैतान?"

उस्मानभाईंची पटाशी थांबली. "उसका तो पूछोच मत. अल्ला हय करके उसकू हमसे ज्यादा मालूम. इनकार कब किया उने? झुका नई, बस. अकड में गया."

"म्हंजे मानतुया."

"मानता हय. सुनता नई."

तात्या इतके खूश झाले की रस्त्यात त्यांनी मला उसाचा रस पाजला. "बघा, आकडेवालाच निघाला," असं तीनदा म्हणाले.

दुसऱ्या साक्षीदार मार्थाबाई. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या, आता देवळामागं एका खोलीत एकट्या राहतात. त्यांचं देऊळ म्हणजे चर्च, पण मिरजेत त्याही देऊळच म्हणतात. त्यांनी चहा केला, बिस्किटं बशीत मांडली आणि तात्यांचा प्रश्न अगदी रक्तदाबाची तक्रार ऐकावी तसा शांतपणे ऐकला.

"ज्ञानदेवराव, देव आहे हे सैतानाला पक्कं ठाऊक असतं. ठाऊक असतं म्हणून तर तो थरथर कापतो. त्याला माहिती कमी नाही. त्याला प्रेम नाही."

"देवाचं नाव काढलं तर गप बसतुया का?"

"गप कुठला! किंचाळतो. आमच्याकडं तरी असंच सांगतात, की नाव ऐकलं की तो आत राहूच शकत नाही." मग त्यांनी चष्मा पुसला. "पण मी वॉर्डात काय बघितलं ते सांगू? भूत लागलं म्हणून आणलेल्या पोरींच्या अंगावर वळ असायचे. आधी मी त्यांना मलम लावायचे, नाव मागनं विचारायचे."

तात्यांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. ते त्यांनी काढलं नाही.

परतीच्या एसटीत तात्या हिशेब मांडत होते. शंकराचे गण, पिंपळाचा मुंजा, जैनांचे व्यंतर, उस्मानभाईंचा सैतान, मार्थाबाईंचा सैतान. एकहीजण देव नाकारत नव्हता. भीमराव तटस्थ. "खटला जिकला, मास्तर," ते म्हणाले. मला मात्र घरी गेल्यावर काय होणार याची धाकधूक होती, कारण आक्कांचं उत्तर मला पाठ होतं. तात्या नवी साक्ष घेऊन आले की आक्का भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेत, तव्यावर भाकरी टाकत आणि म्हणत, "समदं खरं. पर मग त्येनं नाव का घेतलं न्हाई?" चोपन्न वर्षांत तात्या या प्रश्नापुढं गेले नव्हते.

घरी आलो तेव्हा दुपार होती. अंगणात माझी बायको वैशाली आणि आक्का सुपं घेऊन बसल्या होत्या. तात्यांच्या पुतण्याच्या शेतावरचे बेदाणे आले होते, त्यातल्या काड्या निवडणं चाललं होतं. तात्यांनी चपला काढायच्या आत सगळं सांगून टाकलं. उस्मानभाई, अकड, थरथर, किंचाळणं. आक्कांनी एक काडी उचलून बाजूला टाकली.

"समदं खरं, ज्ञानू. पर मग त्येनं—"

"नाव का घेतलं न्हाई," तात्यांनीच पुरं केलं, आणि ते मटकन कट्ट्यावर बसले.

वैशालीला या गोष्टी अर्धवट माहीत होत्या. तिचा स्वभाव असा, की वातावरण जड झालं की ती भलत्याच गोष्टीनं ते हलकं करायला जाते. शेजारच्या गल्लीत आदल्या दिवशी बारशाला बायकांची उखाण्यांची चढाओढ झाली होती. ती म्हणाली, "आक्का, ते राहू द्या. तुम्ही काल आला नाहीत, आता एक उखाणा घ्या बघू. आमच्यापुढं काय लाजायचं?"

"लगनात घेतल्याला. आता कशाला गं."

"बरं, उखाणा नको. नुसतं नाव तरी सांगा मालकांचं. तीन वर्षं झाली, मला तुमच्या मालकांचं नाव ठाऊक नाही."

आक्का पदराच्या आड हसल्या. शहात्तर वर्षांची बाई लाजली. माणूस जाऊन बारा वर्षं झाली होती, त्यानं टाकून चोपन्न, तरी लाजली. त्यांनी हनुवटीनं माळाकडं खूण केली. "तितं कोन बसलाय? त्येचंच."

वैशालीच्या सुपातले बेदाणे हलायचे थांबले. "जोति—" ती अर्ध्यावर थांबली. "आणि देवरुषी तुम्हांला काय म्हणायला सांगत होता?"

"तेच की. अमक्याच्या नावानं चांगभलं."

"मग तुम्ही गप का बसलात?"

"मग काय करू?" आक्कांना प्रश्नच कळेना. "म्होरं मामंजी बसल्यालं. दीर बसल्यालं. समदी भावकी. उखाण्यात घेनं येगळं. भर बैठकीत नवऱ्याचं नाव घिऊन वरडायचं? मेली असती तरी घेतलं नसतं."

मी तात्यांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं. दाजींचं नाव त्यांना काय ठाऊक नव्हतं? लग्नाच्या पत्रिका त्यांनी स्वतः वाटलेल्या. पण ते "दाजी" म्हणायचे, गाव "पाटील" म्हणायचं, आणि त्या सोप्यात बसलेल्या वीस पुरुषांपैकी एकालाही ही गोष्ट सुचली नव्हती. तिथं एखादी बाई बसलेली असती तर तिला लगेच कळलं असतं. पण बायकांना आत बसवलं होतं.

"आक्के," तात्या कट्ट्यावरून पुढं सरकले. "मला का सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलंस कवा?"

खरंच होतं. या माणसानं गुरवाला विचारलं, व्यापाऱ्याला विचारलं, मिरजेपर्यंत जाऊन विचारलं. जिच्या अंगात भूत होतं तिला विचारलं नव्हतं. का विचारलं नाही, तेही मला कळत होतं. ज्यानं हात धरलेले असतात त्याला तो प्रश्न तोंडातून काढवत नाही.

तात्या उठले. "मग झालं की! तू नाव घेतलं न्हाईस ते दाजींमुळं. देवरुषी चुकला. चल, उठ."

आक्का जागच्या हलल्या नाहीत. "मी घेतलं न्हाई त्येचं कारन मला ठावं हाय, ज्ञानू. पर आतल्यानं घ्यायचं हुतं की. त्येचा कुठं दादला हुता त्यो?"

मला खरंच हसू फुटलं, आणि वैशालीनं माझ्याकडं असं बघितलं की ते तिथंच विरलं. आक्का मस्करी करत नव्हत्या. चोपन्न वर्षं त्यांनी हा विचार केला होता, आणि तो चोख होता. त्यांना बंदी होती, भुताला नव्हती. मग भूत का गप बसलं?

तात्या अंगणात उभेच राहिले. त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला, टेस्टर बाहेर आला, आणि ते तो बोटांत फिरवत राहिले. मी असं त्यांना कधी बघितलं नव्हतं. तोंडानं पुटपुटत होते. मार्थाबाई म्हनली किंचाळतंय. उस्मान म्हनला मानतंय. गुरव म्हनला चाकर हाय. मग एकदम थांबले.

"आक्के. टेस्टर लावला आन पेटला न्हाई, म्हंजे काय?"

"मला काय ठावं. टेस्टर खराब."

"टेस्टर खराब न्हाई. मी समद्या धर्मात लावून बघितलाय, समदीकडं पेटतुया." तात्या तिच्यापुढं उकिडवे बसले. "नाव काढलं की समदी भुतं बोलत्यात. वरडत्यात, कापत्यात, पळत्यात. देव ठावं न्हाई असं एक भूत न्हाई. आन तुझ्यातलं बोललंच न्हाई. एवढी धुरी दिली, एवढा मार दिला, तरी हूं न्हाई का चूं न्हाई. आगं, म्हंजे तितं लाइनच न्हवती! आत कुनी न्हवतंच, आक्के. कोन बोलणार?"

विज्ञानाबरोबर मी दहावीला भूमितीही शिकवतो, त्यात अप्रत्यक्ष सिद्धता असते. उलट गृहीत धरायचं आणि ते खोटं पाडायचं. इतकी स्वच्छ सिद्धता मी फळ्यावर कधी मांडली नव्हती. टाळी वाजवावीशी वाटली.

आक्का सुपाकडं वळल्या. बोटांनी बेदाणे उगाच इकडचे तिकडं करत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात, लहान मुलानं विचारावं तसं विचारलं,

"आत कुनी न्हवतं, तर मग त्या दिशी मार कुनी खाल्ला रं?"

तात्यांच्या हातातून टेस्टर खाली पडला. ते म्हणाले, "तू. एकटीनं." आणि तिची दोन्ही मनगटं धरून, तिथंच कपाळ टेकून, चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस हमसून हमसून रडला. आक्कांनी मनगटं सोडवून घेतली नाहीत. "गप," म्हणाल्या, "गप, सूनबाय बघतीया." वैशाली आत निघून गेली. मीही गेलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सात वाजता खालून काठीचा आवाज आला. आम्ही दोघंही गेलो. त्या दगडापाशी आक्का सवयीनं थांबल्या, जरा वाकल्या आणि त्या दगडालाच हात लावून पाया पडल्या. मग पहिल्या पायरीवर काठी टेकली. साठ पायऱ्यांना पाऊण तास लागला. मधे चार वेळा बसल्या. एका पायरीवर म्हणाल्या, "ज्ञानू, लय केल्यात रं पायऱ्या. बांधनाऱ्याला गुडघं न्हवतं काय?"

गाभाऱ्यापुढं दहा-पंधरा माणसं होती. गुलालानं फरशी लाल झाली होती. आक्का खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि देवाकडं बघत राहिल्या. ओठ मात्र तसेच, गच्च मिटलेले. नवऱ्याचं नाव ते नवऱ्याचं नाव. तो मेला म्हणून किंवा त्यानं टाकलं म्हणून ते घेता येत नाही. मला कळेना आता हे कसं सुटणार.

तात्यांनी टोपी काढली. घसा खाकरला.

"जोतिबाच्या नावानं..." ते ओरडले. आवाज फाटला. जमलेल्या माणसांनी "चांगभलं" म्हटलं. तात्या थांबले नाहीत. आक्काकडं तोंड करून पुन्हा, आणखी मोठ्यानं म्हणाले, "जोतिबाच्या नावानं..." आणि वाट बघत उभे राहिले.

त्या दिवशी सोप्यात त्यांनी एवढंच करायला हवं होतं. नाव भावानं घ्यायचं, बहिणीनं फक्त पुढचं म्हणायचं.

आक्कांनी पदर तोंडाशी नेला, मग खाली घेतला.

"चांगभलं," त्या म्हणाल्या.